मदत हवी आहे: मुख्य लोक अभिरक्षकांना थेट भेटता येतं का?

नमस्कार मंडळी, माझा मावसभाऊ जेलमध्ये आहे, सेशन केस आहे, प्रायव्हेट वकील परवडत नाही म्हणून विधी सेवा प्राधिकरणाकडून लोक अभिरक्षक कार्यालयातले (गरीब आरोपींची केस मोफत लढवणारे) वकील मिळालेत. तारखेला सहाय्यक मॅडम येतात, मनापासून काम करतात पण वकिलीत नव्या आहेत आणि आता साक्षीदारांची उलटतपासणी सुरू होणारे. या कार्यालयांच्या 2022 च्या स्कीममध्ये मुख्य अभिरक्षकांना किमान 10 वर्षांचा फौजदारीचा अनुभव लागतो, ज्युनिअरच्या कामावर लक्ष ठेवणं पण त्यांच्याकडेच, मग उलटतपासणी त्यांनीच घ्यावी असा अर्ज आम्ही द्यायचा की भावाने जेलमधून? मॅडमना वाईट वाटायला नको, पण सगळी केस पहिल्या साक्षीदारावरच उभी आहे. कोणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.