जुनं जिनिंग-प्रेसिंग गेमसाठी उभं करतो आहे. फोटो ढीगभर, पण संकल्पना ठरत नाही

पांदणवाट
नमस्कार मंडळी. पोर्टफोलिओसाठी अनरियल ५ या गेम इंजिनमध्ये वऱ्हाडातला एक बंद पडलेला जिनिंग-प्रेसिंग कारखाना (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा) करतो आहे. थर्ड पर्सन (कॅमेरा पात्राच्या मागे), फिरता येईल असा भाग साधारण १२० बाय ८० मीटर, समोर पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडांचं वावर. प्युअररेफ या संदर्भ-फोटो मांडायच्या अ‍ॅपच्या बोर्डवर ३०० च्या वर फोटो झालेत: गढ्या, वाडे, लोणार, मेळघाट, पळस, मामा तलाव, संत्र्याच्या बागा. ब्लॉकआउट, म्हणजे साध्या ठोकळ्यांचा कच्चा आराखडा, तीनदा केला. दर वेळी पत्र्याची शेड, विटांची भिंत नि एक झाड, कोणत्याही मुलखातला कारखाना वाटतो. संकल्पना ठरवायची कशी, आणि यातलं ठेवायचं काय? मशीन: १६ जीबी रॅम, ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड. वावर झेपेल का, हेही सांगा.

कवेलू
भाऊ, तुमच्या बोर्डवर विदर्भ आहे, पण कारखाना नाही. लोणार, मेळघाट, संत्री आजच काढा. मामा (माजी मालगुजारी) तलावही काढा. ते भंडारा-गोंदियाकडच्या धानपट्ट्यातले. कापसाच्या मुलखात ते आणून बसवले की इथल्या माणसाला लगेच खटकतं.

मग इमारतीचं रूप बाजूला ठेवून कापसाचा रस्ता कागदावर काढा. बंडी फाटकातून आत येते, काट्यावर वजन होतं, आवारात गंजी लागते, तिथून कापूस जिनात जातो, सरकी एका बाजूला पडते, रुई प्रेसकडे जाते, १७० किलोची गाठ बांधली जाते आणि बाहेर पडते. लेआउट म्हणजे हाच रस्ता. आवार एवढं मोकळं का? गंज्यांना जागा लागते म्हणून. इमारती एकमेकींपासून सुट्या का, आणि पाण्याचा हौद कशाला? रुई पेट घ्यायला वेळ लावत नाही. ही कारणं ब्लॉकआउटमध्ये उतरली की शेड आपोआप जिनिंगची दिसू लागते. तुमच्या तिन्ही ब्लॉकआउटमध्ये हौद, काट्याचा खड्डा आणि गंजीची मोकळी जागा आहे का, आधी ते बघा.

यानंतर काळाचे तीन थर ठरवा. बांधलं कधी, बंद पडताना काय राहून गेलं, आज गाव तिथं काय करतं. पहिल्या थराला आधार आहे: १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला मागणी आली आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. म्हणून जुन्या कारखान्यांचा ओढा रेल्वेच्या गावांकडे. दुसऱ्या थरात जाळीत अडकलेली रुई, शाफ्टच्या रिकाम्या बेअरिंग, पट्टे गेलेल्या पुल्या. तिसऱ्यात पऱ्हाटीचे रचलेले भारे, बांधलेल्या शेळ्या, हौदात पडलेला पाला. प्रत्येक वस्तू यांपैकी एका थरात बसली पाहिजे. बसत नसेल तर ती कितीही देखणी असो, काढा.

सायडिंग, म्हणजे कारखान्यात येणारा रेल्वेचा फाटा, दाखवणार असाल तर रूळ मोजून घाला. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारा जुना मार्ग ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज, भुसावळ-नागपूर १६७६ चा ब्रॉडगेज. परदेशी असेट पॅकमधले (तयार मॉडेलच्या संचातले) रूळ बहुधा १४३५ चे असतात.

धुऱ्यावरचा_बोर
कवेलूभाऊंचं पटतं, फक्त एक भर घालतो. कागदावरचं झालं की एका तरी खऱ्या जागेवर टेप घेऊन जा, आवारमालकाला विचारून. दाराची उंची-रुंदी, भिंतीची जाडी, खिडकीचा कठडा, दोन खांबांतलं अंतर एवढं मोजलं तरी पुरतं. मंगलोरी कवेलू साधारण ४१ बाय २४ सेंटीमीटरचं. फोटोत कवेलू मोजता आले की न मोजलेल्या छपराचाही अंदाज निघतो. देशी नळीचे कवेलू हातचे, प्रत्येक वेगळं, त्यांच्यावरून मोजमाप काढू नका.

गल्लीतली घरं दाखवणार असाल तर इथं गडबड होते. अनरियलचं मॅनेक्विन (तयार मिळणारं माणसाचं पात्र) साधारण १८० सेंटीमीटरचं. मातीच्या घराचं खरं दार त्याच्या कपाळाला लागतं आणि मागचा कॅमेरा भिंतीत शिरतो. ज्या दारातून आत जायचं तेच १५ ते २० टक्के मोठं करा, बाकी दारं खऱ्या मापाची राहू द्या.

टेक्स्चरसाठी, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या चित्रांसाठी, फोटो भर उन्हात काढू नका. सावली फोटोतच बसते आणि इंजिनमधल्या उजेडाशी भांडते. ढगाळ दिवस किंवा भिंतीची सावलीची बाजू घ्या, मोबाईलचं एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा, फ्रेममध्ये एक मीटरची पट्टी ठेवा. फोटोंवरून थ्रीडी स्कॅन करायचं असेल तर लागोपाठच्या दोन फोटोंत ७० टक्के तरी भाग सामाईक हवा.

काळ्या मातीबद्दल मुद्दाम सांगतो, कारण तिथं बहुतेक जण चुकतात. नावात काळी आहे म्हणून बेस कलर (पृष्ठभागाचा मूळ रंग) पार काळा करतात. मग जमिनीवर उजेड पडल्यासारखाच वाटत नाही. २५५ पैकी ३० ते ५० च्या खाली जाऊ नका. ओली माती थोडी गडद करून रफनेस (खरखरीतपणा) उतरवा, म्हणजे ती चकाकते. उन्हाळ्यात भेगा हव्यातच, पण त्या बहुकोनी जाळीच्या आणि असमान: काही बोटभर रुंद, काही केसासारख्या. सारख्या रुंदीची भेग टाइल होताना, म्हणजे तेच चित्र पुन्हापुन्हा जोडलं जाताना, लगेच ओळखू येते.

पांदणवाट
दोघांचेही आभार. बोर्ड २७ फोटोंवर आणला. हंगाम मात्र ठरत नाही. पळस फुललेला, वावरात कापूस फुटलेला आणि आभाळात पावसाळी ढग, असं डोक्यात होतं.

सरकी_ढेप
ते तिन्ही एकत्र येत नाहीत. एक महिना धरा. पेरणी जून-जुलै, वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होऊन हिवाळाभर, पळस फाल्गुनात आणि तोही बिनपानाचा. माझ्या मते मार्चचा पहिला आठवडा घ्या: वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या, कुठं एखादं कवडीचं (किडकं, न फुललेलं) बोंड लटकलेलं, धुऱ्यावर पळस. बंद कारखान्याला हेच शोभतं. आणि तुमच्या ग्राफिक्स कार्डालाही सोपं जातं, कारण पानं कमी म्हणजे पारदर्शक टेक्स्चरचे एकावर एक थर कमी. मशीन जास्त दमतं ते त्या थरांनी.

आता वावराचा हिशेब. ६० बाय ६० मीटर, ओळींत १ मीटर आणि झाडांत ६० सेंटीमीटर धरलं तर ६० ओळी गुणिले १००, म्हणजे ६,००० झाडं. प्रत्येकी १,५०० त्रिकोण दिले तर ९० लाख. इतकं कशाला? चार प्रकारची झाडं करा, फोलिएज टूलने इन्स्टन्स करा (तेच मॉडेल अनेक जागी वापरा), कॅमेऱ्यापासून १० मीटरच्या आत पूर्ण मॉडेल, २५ पर्यंत ३०० त्रिकोणांचं, त्यापुढे एकमेकांना छेदणारी दोन सपाट चित्रं. खेळणारा धुऱ्यावरूनच चालणार असेल तर जवळ येणाऱ्या पहिल्या आठ ओळींवरच मेहनत घ्या. मधेमधे तुरीची ओळ सोडा, म्हणजे सपाट वावर तुटतं. झाडांना उलटसुलट फिरवा, पण ओळ मोडू नका. ओळ मोडली की वावराचं रान होतं.

टेक्सेल डेन्सिटी, म्हणजे टेक्स्चरची दाटी, मीटरला ५१२ पिक्सेल पुरे. २०४८ पिक्सेलचं टेक्स्चर ४ मीटर भिंतीला जातं. वीट, लाकूड आणि पत्रा मिळून एक ट्रिम शीट (पट्ट्यापट्ट्यांचं सामाईक टेक्स्चर), गिलाव्याचा पोपडा आणि तळाची ओल व्हर्टेक्स पेंटने (मॉडेलच्या बिंदूंवर रंगवून). भिंतीचे मॉड्यूल ४ मीटरचे ठेवलेत तर हे सगळं जुळतं.

उजेडाबद्दल: नागपूरच्या अक्षांशावर मेच्या शेवटी सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो, सावली पायाखाली. तो उजेड खरा, पण त्यात शेडचा खोलपणा दिसत नाही. मार्चची सकाळ घ्या, सूर्य क्षितिजावर १५ ते २० अंश, आभाळ गर्द निळं न ठेवता धुळीने पांढुरकं. उजेड जिनाच्या खिडक्यांतून तिरपा आत येईल आणि हवेत तरंगणारी रुई दाखवायला जागा मिळेल. ल्युमेन (अनरियलची चालू खेळात उजेड मोजणारी पद्धत) जड गेलं तर स्थिर उजेड बेक करा, म्हणजे आधीच मोजून साठवा. या दृश्यात सूर्य किंवा इमारती हलत नाहीत, बिघडणार नाही.

कवेलू
पुढचा ब्लॉकआउट टाकाल तेव्हा टेक्स्चर नसलेला, राखाडीच टाका. सोबत तोच स्क्रीनशॉट ३०० पिक्सेल रुंदीचा करून लावा. तेवढ्या चित्रात फाटक, हौद आणि धुराडं वेगवेगळं ओळखू आलं तर मॉडेलिंगला लागा, नाहीतर आधी त्यांच्या जागा हलवा.