मुलांना ज्यू धर्माच्या संस्कारात वाढवणं हे ब्रेनवॉशिंग आहे का?

पार्कचौक_वाचनकट्टा

येत्या रविवारी आमच्या सोलापूरच्या वाचनकट्ट्यावर हा विषय चर्चेला आहे. एका गटाचं म्हणणं असं: आठव्या दिवशी सुंता, बोबडे बोल फुटले की प्रार्थना, तेराव्या वर्षी धर्माची सगळी जबाबदारी, आणि यात मुलाला कुणी काही विचारलेलंच नाही. दुसरा गट लगेच मुंजीवर आणि लिंगधारणेवर येतो, की मग आपण काय वेगळं करतो? तिथून पुढे नुसती उणीदुणी निघतात. म्हणून आधी पक्की माहिती हवी आहे. कोणत्या वयात नेमकं काय शिकवतात? आणि ब्रेनवॉशिंग म्हणायचं तरी कशाला?

चाटीगल्ली

आधी शब्दाचं बघू, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. ब्रेनवॉशिंग हा चिनी शब्दाचा सरळ तर्जुमा. एडवर्ड हंटर या अमेरिकी पत्रकाराने तो 1950 मध्ये इंग्रजीत रूढ केला आणि कोरियन युद्धातल्या कैद्यांमुळे तो जगभर गेला. म्हणजे मूळ अर्थ असा, की कैदेतल्या मोठ्या माणसाची आधीची मतं मोडून दुसरी बसवायची. पाळण्यातल्या बाळाला मोडण्यासारखी मतंच नसतात. शब्दशः घेतलं तर तो इथे लागूच पडत नाही.

पण म्हणून प्रश्न संपत नाही. चीनमधून सुटून आलेल्यांच्या मुलाखती घेऊन रॉबर्ट लिफ्टन या मनोविकारतज्ज्ञाने 1961 मध्ये आठ खुणा मांडल्या. त्यातल्या चार कट्ट्यावर घ्या: बाहेरची माहिती तोडणं, मनातलं सगळं कबूल करायला लावणं, आपली शिकवण शंकेच्या पलीकडची मानणं, आणि जो बाहेर गेला तो माणूसच नाही असं वागवणं. या खुणा धर्माला नाही, एकेका घराला आणि शाळेला लावून बघायच्या. एकाच गल्लीतल्या दोन घरांचं उत्तर वेगळं येईल.

जुळेसोलापूर_अभ्यासिका

वयाचा क्रम विचारलाय, तो सांगतो. मिश्ना म्हणजे ज्यू नियमांचा जुना संग्रह, त्यात तो ठरवूनच दिलेला आहे: पाचव्या वर्षी तोरा म्हणजे मूळ धर्मग्रंथ, दहाव्या वर्षी मिश्ना, तेराव्या वर्षी आज्ञांचं बंधन, पंधराव्या वर्षी तालमूद म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ. त्याच्याही आधी, मूल बोलू लागलं की बापाने शेमाचं, म्हणजे देव एकच आहे असं सांगणाऱ्या रोजच्या प्रार्थनेचं, पहिलं वाक्य शिकवायचं. हे वाक्य आपल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी शेकडो वर्षं धरून ठेवलं. बाकीची हिब्रू जवळपास विसरली, पण सुंता, शनिवारची सुट्टी आणि शेमा सुटला नाही. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं.

सक्तीचं म्हणाल तर योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास बघा. मोठ्यांना तो साधारण 25 तासांचा, पाण्याचा थेंबही नाही. मुलांसाठी नियम असा: नऊ वर्षांखालच्या मुलाला उपाशी ठेवायचंच नाही, त्याने हट्ट केला तरी. नववं-दहावं लागलं आणि प्रकृती धड असली की तासांची सवय लावायची. रोज दिवसाच्या दुसऱ्या तासाला खाणाऱ्याला त्या दिवशी तिसऱ्या तासाला द्यायचं. पूर्ण उपास मुलीला बाराव्या वर्षी, मुलाला तेराव्या वर्षी. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून बापाचं बोट धरून चालणारं पोर आठवा. ते नंदीध्वज पेलत नाही, मोठ्यांच्या बरोबर चालतं. वजन अंगावर यायला वर्षं जातात. इथेही तसंच.

आणि या परंपरेत प्रश्न विचारणं शिकवावं लागतं. पेसाख म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटकेचा सण. त्याच्या सेदरला, म्हणजे रात्रीच्या विधीच्या जेवणाला, घरातलं सगळ्यांत लहान मूल चार प्रश्न विचारतं: आजची रात्र वेगळी का, रोज कोणतीही भाकरी चालते मग आज बिनखमिराचीच का, वगैरे. लहानगी जागी राहावीत म्हणून मात्साचा, म्हणजे त्या बिनखमिराच्या भाकरीचा, एक तुकडा बाजूला काढून लपवतात. तो सापडल्याशिवाय जेवण पुरं होत नाही, त्यामुळे पोरं डोळे ताणून बसतात. 1874 मध्ये पुण्यात हग्गादा, म्हणजे या रात्री वाचायची पोथी, मराठी अर्थासह छापली गेली, म्हणजे आपल्याकडच्या पोरांना आपण काय म्हणतोय ते कळायची सोय झाली. तालमूद तर जोडीने, एकमेकांचं म्हणणं खोडत शिकायचा. हिल्लेल आणि शम्माई या दोन गुरूंच्या शिष्यघराण्यांच्या वादात निकाल हिल्लेलकडे गेला. त्याचं एक कारण तालमूद असं देतो, की ते आपलं मत सांगण्याआधी शम्माईचं सांगत. ज्याने विरोधकाचं म्हणणं आधी पाठ केलंय, त्याला ब्रेनवॉश झालेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भुईकोट_बुरूज

अभ्यासिका सर, माहिती बरोबर आहे, पण सेदरचं चित्र तुम्ही अर्धंच दाखवलं. ते चार प्रश्न लिहून दिलेले आहेत, उत्तरही ठरलेलं आहे. त्याच हग्गादात चार मुलगे येतात. त्यातला 'दुष्ट' मुलगा विचारतो, 'हे सगळं तुम्ही कशाला करता?' त्यावर बापाला सांगितलंय, त्याचे दात बोथट कर, आणि म्हण की तू मिसरमध्ये असतास तर तुझी सुटका झाली नसती. प्रश्न विचारायची मुभा आणि परंपरेवर प्रश्न विचारायची मुभा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरी अडचण कुठे येते ते सांगतो. सगळ्या ज्यूंमध्ये नाही, हरेदी म्हणजे कडक सनातनी वस्त्यांमध्ये. न्यूयॉर्कच्या काही हसिदी (हरेदींमधलाच एक पंथ) शाळांत मुलग्यांना इंग्रजी आणि गणिताला मिळून दिवसाचा दीडेक तास मिळतो आणि तेराव्या वर्षानंतर तोही बंद. शिकवण यिद्दिश या त्यांच्या बोलीत, घरात टीव्ही नाही, इंटरनेटला चाळणी. अठराव्या वर्षी या मुलाला धर्म सोडायचा अधिकार कागदावर पूर्ण असतो. पण नोकरीचा अर्ज भरण्याइतकं इंग्रजी नसेल तर तो जाणार कुठे? शिवाय एक पोर बाहेर पडलं की भावंडांची लग्नं अडतात. म्हणून पोरं मनात नसतानाही गप्प बसतात. माझ्या लेखी प्रार्थना पाठ करून घेणं हा मोठा दोष नाही. पोटापाण्याचं शिक्षण काढून घेणं हा आहे. 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्याने खासगी शाळांच्या मूलभूत विषयांच्या तपासणीचे नियम केले, ते याच तक्रारींमुळे.

इस्रायलमध्ये धर्माकडे वळलेल्याला 'उत्तराकडे परतलेला' अशा अर्थाचा शब्द वापरतात, आणि सोडून गेलेल्याला 'प्रश्नाकडे परतलेला'. मूळ शब्दात पश्चात्तापाकडे परतणं असा अर्थ आहे, पण हिब्रूत त्याच शब्दाचा अर्थ उत्तरही होतो. कट्ट्यावर हे जरूर सांगा.

जुळेसोलापूर_अभ्यासिका

दुष्ट मुलाबद्दल मान्य, ती ओळ कठोर आहेच. पण तो पंगतीतून उठवलेला नाही, त्याच मेजाशी बसलेला आहे. घरंही तिथेच ओळखू येतात: काही त्याला वाढतात, काही दार लावतात. ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने 1656 मध्ये स्पिनोझा या तत्त्वज्ञाला 23 व्या वर्षी बहिष्कृत केलं, तेव्हा त्याच्याशी बोलायची आणि त्याचं लिखाण वाचायचीही बंदी होती. ते उघडउघड दार लावण्यातलं.

चाटीगल्ली

सुंतेचा मुद्दा वेगळा ठेवा. मत पुढे बदलता येतं, शरीर परत तसं होत नाही. त्यामुळे तिथे ब्रेनवॉशिंगचा नाही, संमतीचा प्रश्न आहे. बाळाला कावीळ असली किंवा ते अशक्त असलं तर आठवा दिवस चुकला तरी थांबायचं, हा धर्माचाच नियम. दोन मुलगे सुंतेने दगावले असतील तर तिसऱ्याची करायची नाही, असं तालमूद सांगतो. रक्त न गोठण्याच्या आजाराला नाव मिळण्याच्या कितीतरी आधीची ही दक्षता आहे.

पार्कचौक_वाचनकट्टा

मंडळी, मनापासून आभार. एक राहिलं: तेराव्या वर्षी त्या मुलाला 'नाही' म्हणता येतं का?

भुईकोट_बुरूज

समारंभाला म्हणता येतं, बंधनाला नाही. बार मित्स्वा ही वयाची अवस्था आहे, समारंभ केला नाही तरी तेरावं पुरं झालं की ती लागतेच. मुलींना हे बारावं. बंधन मानायचं की नाही हे मात्र तिथून पुढे त्याचं त्याने बघायचं. त्या दिवशी मुलगा तोरासमोर उभा राहिला की बाप एक छोटा आशीर्वाद म्हणतो. त्याचा अर्थ असा: याच्या चुकांच्या शिक्षेतून ज्याने मला मोकळं केलं, तो धन्य.