अठरा पूर्ण झाली, आता तुझं तू बघ: हे बरोबर आहे का?

उद्यमबागवाला:
परवा ओळखीचे एक काका म्हणाले, "सरकारनं अठरा वर्षं सांभाळलं, आता अजून काय पाहिजे?" त्यावर लिहितोय.

मी आधी बालमंदिरात, म्हणजे सरकारी बालगृहात, मग तेराव्या वर्षापासून बेळगावजवळ खानापूर तालुक्यात एका फॉस्टर कुटुंबात वाढलो. दत्तक नव्हे, सांभाळायला दिलेला. अठरा झाल्यावर बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथ मशीनवर लागलो आणि अनगोळात खोली शोधली. भाड्याचे पैसे खिशात होते, खरं घरमालक विचारायचे, "कुठल्या गल्लीतला? घरचं कोण येणार बोलायला?" तीन घरांतून परत आलो. चौथ्या ठिकाणी आमचे मिस्त्री सोबत आले, तेव्हा खोली मिळाली.

पहिल्या रात्री भात लावला. बालमंदिरात भात मोठ्या पातेल्यात शिजायचा, फॉस्टर आई चुलीपुढं येऊ द्यायची नाही, "अभ्यास कर" म्हणायची. एकट्याला तांदूळ किती लागतो, ठाऊकच नव्हतं. चार वाट्या टाकल्या. झाकण वर आलं. दोन दिवस तोच भात खाल्ला.

2015 च्या बाल न्याय कायद्यात कलम 46 आहे. अठराव्या वर्षी संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला आर्थिक मदत "देता येईल", असं त्यात आहे. "द्यावीच" असं नाही. आणि भाषा संस्थेतून निघणाऱ्याची, फॉस्टर घरातून निघालेल्याची नाही. माझं म्हणणं एवढंच, की फॉस्टर घराचं नातं त्या तारखेला तुटू नये.

शहापूरची काकू:
बाळा, वाईट वाटलं वाचून. खरं मी दोन मुलं सांभाळलीत, म्हणून स्पष्ट बोलते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून एका मुलामागं महिन्याला 4000 येतात, त्यात शाळा, कपडे, दवाखाना. अठरानंतर तेही थांबतात. घरात माझ्या मुलीचं लग्न आहे. जन्मभराचं नातं आधीच कबूल करा म्हटलं, तर उद्या कोण मूल घरी आणेल? आमची पोरंपण अठराव्या वर्षी पुण्याला जातातच की.

निपाणीकर:
नात्यानं पोट भरत नाही. महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांना सरकारी नोकरीत आणि शिक्षणात एक टक्का आरक्षण आहे, तेही तिकडच्या प्रमाणपत्रावर. इकडं कर्नाटकातल्या बालमंदिरातल्या पोराला त्याचा काय उपयोग? भांडायचं तर त्यासाठी भांडा.

उद्यमबागवाला:
निपाणीकर, त्यासाठीही भांडू. मला नोकरी होती, तरी खोली मिळत नव्हती, हे विसरू नका.

काकू, पैसे नकोत, वाटणी नको. पुण्याला गेलेली तुमची पोरं गणपतीला बॅग घेऊन दारात येतात, आणि चतुर्थीला मी खोलीवर असतो. पीएफचा फॉर्म भरताना नॉमिनीचा रकाना रिकामा सोडला, तर क्लार्क म्हणाले, "कुणाचं तरी नाव घाल की." कुटुंब नसलेल्याला कुणाचंही घालता येतं म्हणे. फॉस्टर आईचं घालावंसं वाटलं, खरं विचारायचं धाडस झालं नाही. तिला अडचण वाटली तर?

शहापूरची काकू:
विचार तिला. आजच विचार.
माझ्याकडचा मोठा हुबळीला आहे, दोन वर्षांत मी फोन केला नाही, त्यानंही नाही. आता लावते. खरं कायद्यानं बंधन नको, हे माझं म्हणणं कायम आहे.