रोज डांबरी, सुट्टीला पाटाचा कच्चा रस्ता: एकच सायकल घ्यायची तर कोणती?

नीरेकाठ:
नमस्कार मंडळी, सायकल घ्यायचीये आणि प्रत्येक दुकानदार वेगळंच सांगतोय म्हणून इथे विचारतेय. बारामतीत राहते, एमआयडीसीत कामाला जाऊन-येऊन १८ किमी, सगळं डांबरी. सुट्टीला मात्र पाटाच्या कडेकडेने कच्च्या रस्त्याने फिरायचंय, थंडीत कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला, कधी सुप्याला मयूरेश्वर अभयारण्याच्या बाजूला चिंकारा दिसतात तिकडे. म्हणजे मुरूम, काळी माती आणि वेडी बाभूळ. उंची ५ फूट २ इंच, बजेट ३५ हजारापर्यंत, सोबत कॅमेरा नि दुर्बीण असते. एक जण म्हणतो शॉकअपवाली एमटीबीच (डोंगर-कच्च्या रस्त्याची माउंटन बाइक) घ्या, दुसरा म्हणतो हायब्रिड (रोडबाइक आणि एमटीबीच्या मधली). दोन सायकली घेणं जमणार नाही.

मुरूमवाट:
माझं मत एमटीबी. हायब्रिडला बऱ्याचदा ३२ चा (म्हणजे ३२ मिमी रुंद) टायर येतो, तो सुट्ट्या मुरमात घसरतो. २९ इंची एमटीबीची रिम आणि हायब्रिडची ७००सी रिम एकाच मापाची असते, ६२२ मिमी, त्यामुळे डांबरी जड वाटायला लागलं तर पुढेमागे कमी नक्षीचा, जरा बारीक टायर टाकता येतो, फक्त रिमच्या रुंदीला चालतो का ते बघायचं.

डबलबेल:
मुरूमवाट दादा, टायरचं पटलं पण शॉकअपचं नाही पटत. या बजेटमधला पुढचा शॉकअप एकटाच दोन-अडीच किलोचा असतो, आणि चढाला उभं राहून पॅडल मारलं की थोडा जोर तोच खातो. ताईंचा रोजचा रस्ता डांबरी आहे, आठवड्यातले पाच-सहा दिवस ते वजन कशाला ओढायचं? पाटाच्या रस्त्याला उड्या मारायच्या नाहीयेत, तिथले हादरे रुंद टायरमधली हवाच झेलते. ताई, साध्या फोर्कची (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, शॉकअप नसलेला) हायब्रिड बघा, पण दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा की या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो. ४० बसत असेल तर पुढचं बोला, ३२ च्या वर जागाच नसेल तर किती का छान दिसेना, सोडून द्या.

रुंद टायर डांबरीवरही लागतोच. गळीत हंगामात उसाची ट्रॉली मागून आली की साईडपट्टीवर उतरावं लागतं, आणि परत वर येताना डांबराची कड दोन-तीन इंच उंच असते. बारीक टायर त्या कडेला घासत जातो आणि सायकल आडवी होते. रुंद टायर असला तरी कड तिरकी घेऊ नका, जरा वळवून सरळ चढवा.

नीरेकाठ:
हे कुणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद. मग काट्यांचं काय? आणि डिस्क ब्रेक घ्यावा का, पावसाळ्यात पाटाकडेला नुसता चिखल असतो.

सायकलमिस्त्री:
डिस्कच घ्या, पण केबलवाला. ऑइलवाला चांगला लागतो खरा, पण बिघडला तर गावातल्या दुकानात दुरुस्त होईलच असं नाही, केबल कुठेही मिळते. साध्या रबराच्या ब्रेकमध्ये काळी माती अडकते आणि रिम घासून पातळ होते. मडगार्ड आणि टायरमध्ये बोटभर जागा ठेवा, नाहीतर काळ्या रानात चाक फिरायचंच बंद होतं आणि काडीने माती उकरत बसावं लागतं.

काट्यासाठी आतून पट्टा असलेले टायर घ्या, ट्यूबमध्ये सीलंट (बारीक भोक आतून बुजवणारं द्रव) भरा. व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाडा असेल तर बरं, पेट्रोल पंपावरही हवा भरता येते. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा, बाभळीचं टोक तुटून आतच राहतं आणि नवी ट्यूबही लगेच जाते. हवेचं म्हणाल तर ४० च्या टायरला डांबरीवर ५०-५५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), कच्च्यात ३५-४०, पण टायरच्या बाजूला छापलेली मर्यादा बघूनच.

डबलबेल:
साइज राहिली. ५ फूट २ ला एस (स्मॉल) किंवा एक्सएस (त्याहून लहान) फ्रेम लागेल. वरचा दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन जमिनीवर उभ्या राहा, दांड्याच्या वर दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत. मग हँडल वळवून बघा पुढचं चाक बुटाला लागतंय का, लहान फ्रेमला मोठं चाक असलं की लागतं, मडगार्ड बसवल्यावर तर जास्तच. दुकानदार म्हणेल एम (मीडियम) चालवा, सीट खाली करून देतो, अजिबात ऐकू नका, सीट खाली केली तरी हँडल लांबच राहतं आणि खांदे भरून येतात.

नीरेकाठ:
रविवारी पुण्याला जाऊन दोन-तीन चालवून बघते. कॅमेरा पाठीवरच घेऊ ना?

सायकलमिस्त्री:
पाठीवर नको ताई, घामाने पाठ भिजते आणि कच्च्यात तोल जातो. मागच्या चाकाजवळ कॅरिअरचे बोल्ट बसायला भोकं आहेत का बघून घ्या, काही हायब्रिडना नसतात. आणि कॅमेऱ्याची बॅग सोबतच न्या, कॅरिअरला लावून पॅडल मारून बघा टाच बॅगेला लागतेय का.