अनमोड घाटात बंद पडणारा ट्रक : दोष पंपात की टाकीत?

प्रश्न : ट्रकमालक, धारबांदोडा

माझ्याकडे २०१० सालचा दहा चाकी ट्रक आहे. इंजिन सहा सिलिंडरचे असून डिझेलचा पंप जुन्या पद्धतीचा, म्हणजे इनलाइन आहे. इलेक्ट्रॉनिक काहीही नाही. मार्च २०१८ मध्ये गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्यावर गाडी दोन पावसाळे अंगणात उभी होती. त्यानंतर टिप्परची बॉडी उतरवून साधा हौदा बसवला आणि झुआरीनगरच्या बाजूने बेळगावकडे माल नेऊ लागलो.

गेले तीन महिने एकच त्रास आहे. मोलेपर्यंत गाडी निर्धास्त येते. गोवा-कर्नाटक सीमेवरचा अनमोड घाट चढू लागल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तिचा जोर ओसरू लागतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन उचलत नाही, दोन-तीनदा अडखळते आणि बंद पडते. क्लिनर हँड पंप मारून हवा काढतो, गाडी पांढरा धूर सोडत सुरू होते आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तीच गत. दोन्ही फिल्टर दोनदा बदलले, फीड पंपाचे (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या छोट्या पंपाचे) किट घातले, शेवटी मुख्य पंप उतरवून त्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलच्या मापाची जुळणीही करून घेतली. खर्च बराच झाला, फरक काहीच नाही. आता गॅरेजमध्ये सहाही नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, बदलण्याचा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : निवृत्त मिस्त्री, फोंडा

नोझलना तूर्त हात लावू नका. नोझल बिघडला की काळा धूर येतो, इंजिन ठोकते किंवा एखादा सिलिंडर मिस होतो. पण सगळे इंजिन हळूहळू उपाशी पडावे आणि हँड पंप मारल्यावर पुन्हा जिवंत व्हावे, असे नोझलमुळे होत नाही. जोर जाताना काळा धूर नसेल, तर डिझेल इंजिनापर्यंत पुरेसे पोहोचतच नाही, असे समजा. सपाट रस्त्यावर ही उणीव झाकली जाते, कारण तिथे इंजिनाची मागणी कमी असते. भरलेली गाडी घाट चढताना डिझेल जास्तीत जास्त लागते आणि तेव्हाच उणीव उघडी पडते.

डिझेलच्या वाटेचे दोन भाग करून विचार करावा. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा आणि तेथून पुढे फिल्टरमधून मुख्य पंपापर्यंतचा दाबाचा. दाबाच्या भागात गळती असली तर डिझेल बाहेर ठिबकते आणि पाइप ओला दिसतो. ओढीच्या भागात मात्र पाइपमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे इंजिन चालू असताना तिथल्या बारीक छिद्रातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते आणि चासीखाली कितीही शोधले तरी ओला डाग सापडत नाही. आमच्या भाषेत गाडी एअर घेते ती अशी.

चार गोष्टी पाहून सांगा. हवा काढताना डिझेल फेसाळ येते का? हँड पंपाचा दांडा वर ओढताना जड जातो आणि सोडल्यावर आपोआप खाली खेचला जातो, की हलका आणि पोकळ लागतो? गाडी बंद पडल्यावर टाकीचे झाकण उघडले तर हवा आत शिरल्याचा सूं आवाज येतो का? आणि बंद पडते त्या वेळी टाकीत डिझेल किती असते? दांडा जड असेल तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे, म्हणजे टाकीतली जाळी चोंदलेली, रबरी पाइप आतून सुजलेला किंवा असेच काही. हलका असेल आणि फेसही येत असेल तर गाडी एअर घेते आहे. सूं आवाज आला तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले आहे. आपल्याकडची लाल धूळ आणि पावसाळा एकत्र आले की ते सहज बुजते, आणि त्यावर सुईखेरीज दुसरा खर्च नाही.

ट्रकमालक

फेस प्रत्येक वेळी येतो. दांडा अगदी हलका लागतो. झाकण उघडून पाहिले, आवाज नाही आणि फरकही नाही. चौथ्या प्रश्नाचा मी कधी विचारच केला नव्हता. हिशेबाची वही काढून पाहिली, तेव्हा ज्या दिवशी निघताना टाकी पूर्ण भरली होती, त्या दिवशी गाडी एकदाही बंद पडलेली नाही, असे दिसते. आदल्या दिवशीच्या उरलेल्या डिझेलवर निघालो, की घाटात अडकलो.

उत्तर : औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवणारा एक निदेशक

वहीतल्या या नोंदीला माझ्या मते आतापर्यंतच्या सगळ्या दुरुस्तीपेक्षा अधिक किंमत आहे. टाकी भरलेली असताना हवा शिरत नाही आणि पातळी उतरल्यावर शिरते, याचा अर्थ छिद्र बहुधा टाकीच्या आतच, डिझेल ओढणाऱ्या उभ्या नळीवर आहे. छिद्र डिझेलखाली बुडालेले असते तोवर त्यातूनही डिझेलच ओढले जाते. पातळी त्याखाली गेली की हवा येऊ लागते. चढावर डिझेल टाकीच्या मागच्या बाजूला सरकते, हेही त्यात भर घालत असावे. गाडी दोन पावसाळे अर्ध्या टाकीनिशी उभी असेल, तर रिकाम्या भागात दमट हवेतील पाणी साकळून लोखंडी नळी गंजणे स्वाभाविक आहे.

तरीही अंदाजावर टाकी उतरवू नका, आधी पडताळा घ्या. स्वच्छ कॅनमध्ये वीस लिटर डिझेल घेऊन फीड पंपाच्या तोंडाशी पारदर्शक पाइपने जोडा आणि परतीचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर परतीचे डिझेल टाकीत जाऊन कॅन विनाकारण लवकर रिकामा होईल. कॅन केबिनच्या टपावर किंवा कोठेही उंचावर ठेवू नका. बरेच जण सोयीसाठी तसे करतात. पण उंचावरून डिझेल स्वतःच्या वजनाने खाली येते, ओढ निर्माणच होत नाही, त्यामुळे पाइपात किंवा जोडात छिद्र असले तरी गाडी छान चालते आणि आपली दिशाभूल होते. कॅन टाकीच्या पातळीलाच असावा. मग चाकांना अडणी लावून, सायलेन्सरवर डिझेल सांडणार नाही याची काळजी घेऊन, इंजिन काही वेळ चढ्या फेऱ्यांवर (जास्त आरपीएमवर) चालवा आणि पारदर्शक पाइपात बुडबुडे दिसतात का ते पाहा.

बुडबुडे दिसले नाहीत आणि इंजिनही अडखळले नाही, तर फीड पंप आणि त्यापुढचे सारे बहुधा निर्दोष आहे. नंतर तोच कॅन चासीवरच्या पाइपाच्या टाकीकडील टोकाला जोडून पुन्हा पाहा. आता बुडबुडे आले तर दोष पाइपात किंवा बँजो बोल्टच्या (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या वॉशरमध्ये. जुना वॉशर पुन्हा आवळून बसवण्याची आपल्याकडची काटकसर नेहमी अंगाशी येते. नाही आले, तर उरते ती फक्त टाकी.

उत्तर : वाहतूक व्यावसायिक, वेर्णे

वरील सर्व योग्यच आहे. मात्र हे वाचणाऱ्या कोणाकडे कॉमन रेलची, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सगळ्या नोझलना जबर दाबाने डिझेल पुरवणारी, गाडी असेल, तर त्यांच्यासाठी एक पुरवणी. एप्रिल २०२० पासून विकल्या गेलेल्या बीएस-सहा (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) ट्रकांत ही पद्धत सर्रास आढळते. टाकीकडची, कमी दाबाची तपासणी तिथेही बरीचशी अशीच होते. पण जुन्या सवयीने इंजिन चालू असताना नोझलचा पाइप सैल करून पाहू नये. त्या पाइपातला दाब एक हजार बारच्याही (हवेच्या दाबाच्या साधारण हजारपटीच्याही) वर जाऊ शकतो आणि तेवढ्या दाबाची बारीक धार कातडीतून थेट आत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी तातडीने इस्पितळ गाठावे लागते. तसेच हा पंप डिझेलवरच वंगण घेतो, तेव्हा कोरड्या फिल्टरवर सेल्फ मारत राहणे म्हणजे पंप स्वतःच्या हाताने झिजवणे.

ट्रकमालक

रविवारी सांगितल्याप्रमाणे कॅन जोडला. फीड पंपाशी बुडबुडे नाहीत, पाइपाच्या टाकीकडील टोकाशीही नाहीत. टाकी रिकामी करून नळी बाहेर काढली. साधारण मध्यावर गंजाचा पट्टा होता आणि तिथे खिळ्याच्या टोकाएवढी दोन छिद्रे, त्यातले एक बोटाने दाबताच मोठे झाले. टाकीच्या तळाशी पाणी आणि काळसर, बुळबुळीत गाळ निघाला. टाकी धुऊन वाळवली, नवी नळी बसवली, वॉशर सगळे नवे घातले. त्यानंतर मुद्दाम पाव टाकी डिझेलवर, पूर्ण माल भरून घाटात दोन फेऱ्या केल्या. गाडी कुठेही अडखळली नाही. काळा गाळ आला त्याअर्थी फिल्टर पुन्हा बदलावे लागतील का, एवढेच विचारायचे आहे.

निवृत्त मिस्त्री, फोंडा

हो. आता एकदा बदला आणि साधारण महिन्याभराने पुन्हा बदला, कारण भिंतीला चिकटलेला गाळ धुतल्यावरही काही दिवस सुटत राहतो. पावसाळा संपेपर्यंत रोज सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी फिल्टरखालचा नळ उघडून पाणी काढत जा. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने रात्रभरात तळाशी बसलेले असते. गाडी हलल्यावर ते पुन्हा मिसळते.