खोबरेल सगळ्यांनाच चालतं?
"आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खोबरेलच, बाकी सगळे नखरे" असं त्वचेला काय लावावं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय, ते अंगाला आणि केसांना लावण्यापुरतं मान्य. चेहऱ्याचं मात्र वेगळं. खोबरेलाने काहींच्या त्वचेची छिद्रं बुजतात, आणि तेलकट, पुटकुळ्या येणाऱ्या चेहऱ्याला ते बहुधा मानवत नाही. मी स्वतः भोगलंय. पुण्यात असताना हिवाळ्यात रोज रात्री लावायचे, काही झालं नाही. लग्न होऊन वेंगुर्ल्याला आले आणि मे महिन्यात त्याच तेलाने कपाळभर बारीक पुळ्या! त्वचा तीच, हवा बदलली. इथे घामच वाळत नाही, वर तेलाचा थर कशाला?

कोकमाच्या तेलाचा, आमच्याकडच्या मुठेलाचा, विषय इथे कुणीच काढला नाही याचं नवल वाटलं. सासूबाई बिया वाटून पाण्यात उकळतात, वर आलेली चरबी काढून मुठीत दाबून गोळे करतात. दगडासारखा गोळा, पण तापलेल्या पळीवर टेकवला की लगेच पाझरतो. भेगाळलेल्या टाचांना रात्री लावून मोजे घाला, बास. चेहऱ्यासाठी मी आता पाण्यासारखं हलकं, जेलचं मॉइश्चरायझर वापरते. नवीन काहीही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठ-दहा दिवस, दिवसातून दोनदा लावून बघते. एका रात्रीत काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, काही गोष्टींची खाज चार-पाच दिवसांनी उठते. घरचं मुठेलसुद्धा याला अपवाद नाही (सासूबाईंना सांगू नका).