मॉस्को, बँकॉक की वुहान? आपल्या बास्केटबॉल संघाचा मोठा क्षण कोणता?

पोस्टखालचा:

भारतीय पुरुष बास्केटबॉल संघाबद्दल काहीही वाचायला घ्या, सुरुवात ठरलेली: 1980 साली मॉस्को ऑलिंपिक खेळला, एवढी एकच वेळ. मला हे फार वर्षं खुपतंय. मॉस्कोला आपण गेलो कारण चीन, जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स या चौघांनीही बहिष्कार टाकला आणि जागा रिकामी झाली. तिथे सातही सामने हरलो, बारा संघांत बारावे आलो. सोव्हिएत संघाने 121-65 असा धुव्वा उडवला.

त्याआधी पाच वर्षं, 1975 मध्ये, बँकॉकच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आपण चौथे आलो होतो. पुढे फक्त चीन, जपान आणि दक्षिण कोरिया. 1973 चा विजेता फिलिपिन्स आपल्या खाली, पाचवा! तिथे कुणी वाट मोकळी करून दिली नव्हती, कुणाची मेहरबानी नव्हती. त्यानंतर या स्पर्धेत आपण चौथ्या क्रमांकाच्या वर कधीच गेलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच की या संघाची गोष्ट बँकॉकपासून सांगायला हवी. मॉस्को नंतर.

जुना_रेल्वेवाला:

'मेहरबानी' हा शब्द लागला. मी विभागीय पातळीवरच खेळलो, पण त्या पिढीतल्या काहींना जवळून पाहिलंय. बहिष्कार कुणी टाकायचा हे खेळाडूंच्या हातात होतं का? त्यांना बोलावणं आलं, ते गेले.

आणि एक सांगा. त्याच मॉस्कोत आपल्या हॉकी संघाने सुवर्ण जिंकलं. तिथेही पाकिस्तान, पश्चिम जर्मनी, नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया नव्हते. ते सुवर्ण आपण कमी मानतो का? मग बास्केटबॉललाच वेगळी फूटपट्टी का लावायची?

समोर कोण होतं तेही बघा. सोव्हिएत संघाचा त्काचेंको 2.20 मीटर उंच. रिंगखाली तो उभा असताना आपल्या पोरांनी ले-अपला, म्हणजे रिंगजवळ धावत जाऊन बॉल टाकायला जायचं. त्याच संघातल्या सर्गेई बेलोव्हने त्या ऑलिंपिकची ज्योत पेटवली होती, म्हणजे तिकडे या खेळाचा मान केवढा ते लक्षात येईल. अशा संघासमोर अजमेर सिंगसारखा आपला खेळाडू उभा राहून बास्केट करत होता, आणि 1982 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. 56 गुणांनी हरलो हे खरं आहे. पण सोव्हिएत संघाला 65 गुण आपणही केले, तेही लांबून मारलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा नसताना. ती रेषा आंतरराष्ट्रीय नियमांत 1984 ला आली.

अनघा_को:

हॉकीचा दाखला पटला नाही. हॉकीत आपण त्याआधी सात सुवर्णं जिंकली होती आणि मॉस्कोच्या अंतिम सामन्यात स्पेनला 4-3 हरवावं लागलं. तिथे पदक जिंकलं गेलं. इथे एकही सामना जिंकलेला नाही. खेळाडूंबद्दल आदर आहेच, तो वेगळा विषय. पण सहभागाला पराक्रम म्हटलं की पुढच्या मुलांना आपण काय दाखवतोय?

हुक_शॉट:

दोघंही जुन्या अल्बमात अडकलाय. माझं मत वुहानला.

जुलै 2014, आशिया चषक, चीनच्याच भूमीवर, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, भारत 65 चीन 58. आशियात बास्केटबॉल म्हणजे चीन, आणि त्यांना त्यांच्या घरात हरवलं. विशेष भृगुवंशी, अमज्योत सिंग, अमृतपाल सिंग ही पोरं होती त्यात. त्याच स्पर्धेत जपानविरुद्धच्या सामन्याआधी अमज्योत आणि अमृतपाल यांना नियम दाखवून पगडी काढायला लावली होती. आयुष्यभर डोक्यावर असलेली गोष्ट काढून ठेवायची आणि दोन मिनिटांत जंप बॉलला, म्हणजे सामना सुरू करायला उभं राहायचं, हे कल्पनेतही अवघड जातं मला. तरी ते खेळले. जागतिक संघटनेने तो नियम बदलायला 2017 उजाडलं.

1975 च्या आशियात इराण, लेबनॉन, जॉर्डन आजच्यासारखे नव्हते. इराणने पुढे 2007, 2009 आणि 2013 अशी तीन विजेतेपदं घेतली. 2017 पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडसुद्धा आशियातच खेळतात. आजचा आठवा क्रमांक त्या वेळच्या चौथ्यापेक्षा कमी नाही.

पोस्टखालचा:

वुहानचा आनंद मलाही झाला होता. पण चीनचा तो काळ पडता होता. 2013 मध्ये मनिलाच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ते पाचवे आले होते, संघ बदलत होते. वर्षभरात सावरून 2015 ला पुन्हा आशियाई विजेते झाले. एक सामना म्हणजे एक सामना. बँकॉकचा चौथा क्रमांक अख्ख्या स्पर्धेचा आहे. आणि 1975 ला चीन पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरला आणि थेट जिंकला. म्हणजे समोर ताजा, तयारीचा चीन होता.

हुक_शॉट:

2015 ला आपण आठवे आलो, उपांत्यपूर्व फेरीपर्यंत. 2013 ला अकरावे होतो. म्हणजे वुहान हा नुसता एक सामना नव्हता, संघ चढत होता. सतनाम सिंगला 2015 च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे अमेरिकन लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, डॅलसने 52 व्या क्रमांकावर घेतलं, अमृतपाल 2017 ला ऑस्ट्रेलियातल्या सिडनी किंग्ज संघाकडून खेळायला गेला. 1975 च्या पिढीला असे दरवाजे उघडे नव्हते.

तलावाकाठचा:

वाद चालू दे, पण मुंबईच्या नागपाड्याचं नाव अजून कुणीच घेतलं नाही, म्हणून लिहितोय. अब्बास मुंतसिर आमच्या गल्लीतला. भारताचा कर्णधार झाला, 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. मुंबईत बास्केटबॉल म्हटलं की पावलं मस्तान तलावाच्या मैदानाकडे वळायची. सिमेंटचं कोर्ट, पडलात की गुडघा सोलणार. पावसाळ्यात शेवाळ धरायचं, तेव्हा आम्ही पोरं आधी फडकं मारायचो, मग खेळायचो. जाळी फाटली की नुसती रिंग. बॉल इतका घासलेला असायचा की पकडच बसायची नाही, म्हणून बोटांच्या टोकांवर खेळायची सवय लागली. आमचे मोठे म्हणायचे, ज्याला या बॉलवर ड्रिबल जमलं त्याला कुठेही जमेल.

तुम्ही तिघं क्रमांकावरून भांडताय. मला रेल्वे, सेनादल, ओएनजीसी यांचं म्हणायचंय. 1975 काय, 2014 काय, आपला खेळाडू नोकरीसाठी खेळतो. नोकरी लागली की घर सुटतं काळजीतून, पण वर्षभर रोज तोडीस तोड सामने मिळत नाहीत. आपल्याकडची यूबीए ही व्यावसायिक लीग 2015 ला सुरू झाली, 2017 नंतर बंद पडली. फिलिपिन्सची व्यावसायिक लीग 1975 पासून चालू आहे. ज्या वर्षी ते आपल्या खाली पाचवे आले, त्याच वर्षी त्यांनी ती सुरू केली. पुढे ते कुठे गेले आणि आपण कुठे राहिलो ते बघा.

जुना_रेल्वेवाला:

हे मात्र शंभर टक्के. लीग असती तर अजमेर सिंग आणखी दहा वर्षं पाहायला मिळाला असता.

पोस्टखालचा:

तलावाकाठचे दादा, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. बँकॉकचं वर्ष आणि मनिलाच्या लीगचं वर्ष एकच! मॉस्कोबद्दल मी 'मेहरबानी' म्हणालो, तो शब्द मागे घेतो, रेल्वेवाले काका. मत मात्र बँकॉकचंच. आणि एक विनंती आहे. त्या 1975 च्या संघाचा फोटो नागपाड्यात कुणाच्या घरी असेल तर इथे टाका. एकेक चेहरा ओळखून, नाव लिहून ठेवू.